बावीस नंबरची निगेटिव्ह

निलंग्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत शेषेरावांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि त्या स्टुडिओच्या दारात एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्यात व्यंकटराव बसतात. सकाळी दहाला येतात, एकला जेवायला उठतात. बत्तीस वर्षांत हा नेम चुकलेला नाही. दुकानाची जागा त्यांची, तालुक्यात वजन त्यांच्या शब्दाला, आणि तरी एका साध्या फोटोवाल्याकडे रोज येऊन बसतात म्हणून लोकांना केवढं कौतुक! दोस्ती असावी तर अशी, म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातंय.

लुंबिनीलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. ती नांदेडची, पोटापाण्यासाठी लग्नांचे व्हिडिओ करणारी. वर्षानुवर्षं नवऱ्या मुलीचा मेकअप आणि मामाचा फेटा टिपून जीव विटला होता. अशात एका संस्थेनं वीस मिनिटांचा माहितीपट करायला दिला. विषय, जुन्या काळचा फोटोग्राफर. असे फोटोग्राफर नांदेडात चार सापडले असते, पण ही बाई लातूरला बस बदलून निलंग्यापर्यंत गेली, त्याला कारण होतं.

कारण तिच्या घरच्या भिंतीवर होतं. तिचे वडील धम्मानंद गुरुजी तेरणेकाठच्या एका गावात शाळेवर मास्तर होते. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा लुंबिनी दीड महिन्याची, आईबरोबर आजोळी मुदखेडला होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मायलेकी वाचल्या. तिसऱ्या दिवशी निरोप आला की गुरुजी गेले, झोपेतच गेले, काही कळलंसुद्धा नाही, आणि सगळ्यांबरोबर सामुदायिक अग्नीही दिला. सुमनबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, त्या एका वाक्यावर उभा जन्म काढला. कुणीही विषय काढला की त्या म्हणायच्या, झोपेत गेले हो, त्रास नाही झाला. पुढं तीन आठवड्यांनी पोस्टानं एक मोठा फोटो आला. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. अंगात स्वेटर, गुरुजी हसतायत, मागं सगळा निळा रंग. गुरुजींचा तेवढाच एक धड फोटो घरात होता. मागच्या बाजूला शिक्का होता, शेषेरावांच्या स्टुडिओचा.

म्हणून ती निलंग्याला गेली. हा फोटो काढणाऱ्याला विचारायचं होतं की माझे वडील शेवटचे कसे दिसत होते, कसे बोलत होते आणि गेले ते खरंच झोपेत गेले का. हा शेवटचा प्रश्न ती स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हणत नसे. पण बापाचं शेवटचं कळावं एवढीच तिची भूक होती आणि ती लहानपणापासूनची होती. आपण कोणाची लेक हे तिनं शेषेरावांना सांगितलं नाही. आधीच रडारड झाली तर माणूस खरं बोलत नाही, गोड बोलतो, असा तिचा हिशेब होता.

पहिल्याच दिवशी ती कॅमेऱ्याची तिपाई उघडत होती तेव्हा खुर्चीतून आवाज आला. व्यंकटरावांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. आडनाव विचारलं तर तिनं लेन्स पुसण्याचं निमित्त केलं आणि नांदेडची आहे, एवढंच म्हणाली.

"लुंबिनी म्हणल्यावर पुढचं विचारायचं काय काम न्हाई म्हणा," व्यंकटराव म्हणाले आणि हसले. हसणं चांगलं होतं, दात पांढरेशुभ्र होते. त्यांनी लगेच तिच्यासाठी चहा मागवला. 

शेषेराव पंचाहत्तरीचे. अंगानं काटकुळे, बोटं मात्र बाईसारखी निमुळती. चार दिवस तिनं त्यांचं शूटिंग केलं. काय माणूस होता! लाल दिव्याखाली धुतलेले फोटो दोरीवर कसे वाळत घालायचे, काळ्या-पांढऱ्या फोटोत नवरीच्या ओठांवर लाली कशी भरायची, एकाच कोटात आख्ख्या गल्लीतल्या नवरदेवांचे फोटो कसे उरकायचे, असं सांगता सांगता त्यांचे डोळे लुकलुकायचे. बारीक ब्रशानं त्यांनी एका जुन्या फोटोतली उकिरड्याची भिंत तिच्यासमोर निळी करून दाखवली. मागचं झाकायचं अन् पुढचं उजळायचं, हीच आमची कारागिरी, असं ते म्हणाले. एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत.

फक्त भूकंपाचं विचारलं की थांबायचे. तिनं चार दिवसांत चार वेळा विचारलं, चार तऱ्हांनी. भूकंपाचे फोटो काढलेत का काका? त्या गावांतून फिरला होतात का? दर वेळी शेषेराव तोंड उघडायचे, दोन शब्द बोलायचे आणि गाडी वळवून लग्नावर किंवा शाळेच्या ग्रुप फोटोवर न्यायचे. लुंबिनीला वाटलं, म्हातारा माणूस, मेलेल्यांची आठवण नको वाटत असेल. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एवढंच कळतं.

शेवटच्या दिवशी निघताना शेषेरावांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. बिस्किटांचा जुना डबा, वर खडूनं लिहिलेलं, गणपती विसर्जन ९३. हे लातूरला नेऊन स्कॅन करा, तुमच्या पिक्चरला कामाला येतील, असं ते म्हणाले. व्यंकटरावांनी खुर्चीतूनच विचारलं, काय हाय त्यात? शेषेराव म्हणाले, लेझीम हाय, मिरवणूक हाय, दुसरं काय असतंय. बोलताना त्यांचा हात डब्यावर जरा जास्तच वेळ राहिला. लुंबिनीनं डबा बॅगेत टाकला आणि बस पकडली.

लातूरला आनंदराजचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची काळे पडदे लावलेली खोली, दोन मोठे मॉनिटर आणि एक कुरकुरणारा एसी. आनंदराज रंगांचं काम करतो, त्याला ग्रेडिंग म्हणतात. शूटिंगच्या वेळी उजेड कधी पिवळा असतो, कधी निळा, कधी कमी, कधी जास्त. तो सगळ्या शॉटमध्ये एकसारखा करायचा आणि चेहऱ्याचा रंग चेहऱ्यासारखा ठेवायचा. ऐकायला सोपं आहे, पण एकेक शॉट पन्नास वेळा बघावा लागतो. आनंदराज मूळचा औसा भागातला, तेरणेकडचाच. लुंबिनीची आणि त्याची जुनी ओळख. जयभीम घातला, चहा झाला आणि दोघं कामाला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदराज वैतागला. "ताई, हा म्हातारा मधेच काळा का पडतो?"

लुंबिनीला वाटलं, ढग आला असेल. त्यानं मान हलवली. ढग आला तर उजेड हळूहळू जातो आणि भिंतीवरचाही जातो. इथं नुसता चेहऱ्यावरचा जातोय, तोही झपकन, जणू कुणी खिडकी लावून घेतली. त्यानं असे शॉट वेगळे काढले होते. चार होते. त्यानं एकापाठोपाठ एक लावून दाखवले. चारही ठिकाणी आधी तिचा स्वतःचा आवाज होता आणि चारही ठिकाणी ती भूकंपाचंच विचारत होती. मग प्लास्टिकची खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज. मग शेषेरावांच्या चेहऱ्यावर सावली. ते नजर उचलून कॅमेऱ्याच्या मागं, दाराकडं बघतात आणि गाडी लग्नाकडं वळते.

स्टुडिओला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो दारातूनच यायचा.

"दारात कोण होतं?" आनंदराजनं विचारलं.

व्यंकटराव, ती म्हणाली. चार दिवस तो माणूस तिच्या पाठीशी होता, तिच्या चहाचे पैसे देत होता, आणि एकदाही तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं. भूकंप म्हटलं की तो नुसता उठून दारात उभा राहायचा. बोलायचा नाही, खाकरायचासुद्धा नाही. बत्तीस वर्षांत शेषेरावांना तेवढं पुरेसं झालं होतं.

मग डब्याची आठवण झाली. आनंदराजनं निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या, मऊ ब्रशानं झटकल्या आणि स्कॅनरवर ठेवल्या. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, सहा-सहाच्या पट्ट्या, खाली छापलेले नंबर. रोलवरचे नंबर कुणाला पुढंमागं करता येत नाहीत, जे आधी काढलं ते आधीच राहतं. पहिले एकोणीस फोटो खरंच विसर्जनाचे होते. लेझीम, गुलाल, फ्लॅशमध्ये चमकणारे घामेजलेले चेहरे. मग विसावा फोटो आला. गावाच्या जागी मातीचे ढीग होते. पहाटेचा करडा उजेड होता. अनंत चतुर्दशीला नाचून झोपलेलं गाव पहाटे चारच्या आत पुरलं गेलं, हे मराठवाड्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. एकविसाव्यात चादरींखाली ओळीनं ठेवलेली माणसं होती.

बाविसाव्यात तिचे वडील होते.

तोच स्वेटर, तेच हसू. हसू कसलं, ओठ ताणून आणलेलं. घरच्या फोटोत मागं निळा रंग होता, इथं निळं काहीच नव्हतं. पडलेली भिंत होती, उघडी पडलेली तुळई होती, अंगभर माती होती. चेहऱ्यावर फ्लॅशचा पांढरा उजेड आणि मागं सगळा अंधुक काळोख. तेवीसपासून पुढचा रोल कोरा होता.

लुंबिनी खुर्चीतून उठली आणि परत बसली. भूकंपानंतरच्या सकाळी तिचे वडील उभे होते. जिवंत, धडधाकट, स्वतःच्या पायांवर. तिला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून तो जास्तच आला.

आनंदराजनं खुर्ची तिच्याकडं वळवली. मग हळूच विचारलं, गुरुजी राहायला कुठं होते? वस्तीत, ती म्हणाली, पत्र्याची खोली होती असं आई सांगते. त्यावर तो जे बोलला ते तिला आधीच सुचायला हवं होतं. तिला नाही, आईला नाही, नांदेड-मुदखेडच्या कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

"ताई, त्या रात्री माळवदं पडली. हात-हात जाडीच्या दगडामातीच्या भिंती, वर मातीचं ओझं, ते लोकांच्या अंगावर आलं. आमच्या वस्तीची घरं पत्र्याची अन् कुडाची. पत्रे वाजले फक्त. आमच्याकडं वस्तीतलं एकबी माणूस झोपेत गेलं न्हाई."

मग त्यानं माउस धरला आणि फोटोतला काळोख हळूहळू वर उचलायला सुरुवात केली. जास्त उचलला की सगळं मुंग्या आल्यासारखं व्हायचं, म्हणून अगदी थेंबाथेंबानं. गुरुजींच्या खांद्यामागं आधी एक पाठ दिसली, मग दुसरी. तीन माणसं ढिगाऱ्यावर वाकलेली होती. वाचवणारा माणूस माती उपसतो, तसं ते करत नव्हते. दोघांनी मातीतून वर आलेला एक हात धरला होता. बाईचा हात. तिसऱ्याच्या एका हातात पंच्यात बांधलेलं गाठोडं होतं आणि त्याची मान कॅमेऱ्याकडं वळली होती. चेहरा धुरकट होता. पण त्यातले दात अगदी पांढरे होते.

तेवढ्यात लुंबिनीचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज होता.

व्यंकटरावांनी आपुलकीनं विचारलं, काम कुठवर आलं, मॅडम? लातूरला गरम लई असतंय, पाणी पीत जा. तो गणपतीचा डबा तेवढा माघारी द्या, म्हाताऱ्याच्या जिवाला चैन न्हाई. ती बरं म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "अन् मुदखेडच्या सुमनबाई बऱ्या हायेत ना?"

आईचं नाव तिनं निलंग्यात कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री नांदेडच्या घरी फोन केला तेव्हा आई भाजीचं बोलत होती, गुडघ्याचं बोलत होती, आणि लुंबिनी हं हं करत होती. तिला कडी लावून झोप एवढंच सांगावंसं वाटलं, आणि ते सांगितलंही. आई हसली, मी रोजच लावते की, म्हणाली.

आनंदराज म्हणत होता, एकटी जाऊ नकोस, शुक्रवारपर्यंत थांब, मी येतो. ती थांबली नाही. म्हाताऱ्याचं वय पंचाहत्तर, डबा मागितलाय, म्हणजे दुकानात काहीतरी शिजतंय. आज बोलला तर बोलला, पुन्हा त्याचं तोंड उघडायचं नाही. बापाचं शेवटचं सांगणारा जगात हा एकच माणूस उरला होता. शेवटी आनंदराजनं कपाटातला बॅटरीवर चालणारा एक एलईडी दिवा काढून दिला. लहानसाच, पण झगझगीत. म्हणाला, हा थेट चेहऱ्यावर लाव. मग दार कुणीही अडवू दे.

साडेअकराला ती स्टुडिओत पोचली. खुर्ची दारात होती, व्यंकटराव खुर्चीत होते. गल्लीत त्यांची जीप उभी होती आणि आज ड्रायव्हर जीपमध्ये न बसता दुकानाच्या पायरीवर बसला होता. डबा आणला का, असं त्यांनी विचारलं. आणलाय, आधी दोन शॉट राहिलेत तेवढे घेते, ती म्हणाली. 

तिनं तिपाई लावली. दिवा शेषेरावांच्या समोर उभा केला आणि बटण दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उजळली. मग तिनं लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाविसावा फोटो.

"काका, हा कधी काढला?"

मागं खुर्ची घासली. ती आज मागं वळून बघणार होती, पण वळली नाही, पडद्याकडंच बघत राहिली. दाराचा उजेड गेला. फरशी काळी झाली, कपाट काळं झालं, दोरीवरचे फोटो काळे झाले. शेषेरावांचा चेहरा होता तसाच लख्ख राहिला. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग दिव्याकडं पाहिलं, डोळे बारीक केले, आणि दिव्यामागं दारातला माणूस बहुतेक त्यांना दिसेनासा झाला.

"तुम्ही पहिल्या दिवशी आलाव तवाच वळखलं मी," ते म्हणाले. "कपाळ गुरुजींचं हाय. म्हणून तर डबा दिला."

"शेषेराव," मागून आवाज आला. शांत, रोजचाच.

शेषेराव थांबले नाहीत. त्या रात्री मिरवणुकीचे फोटो काढायला ते त्या गावी गेले होते आणि मुक्काम गुरुजींच्या खोलीवरच होता. पहाटे पत्रे वाजले, दोघं बाहेर पळाले. समोर गावच नव्हतं. उजाडेपर्यंत गुरुजींनी हातांनी माती उपसली, सात माणसं जिवंत काढली. नखं निघाली त्यांची. मग उजाडलं, आणि मदत येईपर्यंतच्या त्या दोन तासांत काहींनी मेलेल्यांच्या अंगावरचं सोनं उतरवायला सुरुवात केली. गुरुजींचं तिकडं लक्षसुद्धा नव्हतं. हे सांगताना शेषेरावांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"लक्षच नव्हतं त्यांचं. तुम्हाला वाटंल, पुरावा करायला निघाले होते म्हणून मारलं. तसलं काय न्हाई. गुरुजी मला म्हणाले, शेषेराव, मुदखेडला बातमी जाईल, बाळंतीण हाय ती, धसका घेईल. माझा एक फोटो काढा अन् कुणी तिकडं जाईल त्याच्या हाती धाडा. मी जिता हाय एवढं दिसू द्या तिला. पत्ता लिहून दिला. भिंतीपाशी हुबे राहिले. हसा म्हणलं, तर हसले."

 बत्तीस वर्षं ज्या फोटोपुढं आई मेणबत्ती लावत होती, तो वडिलांनी जिवंत आहे हे सांगायला काढून घेतला होता.

"झिमझिम होती. उजेड कमी. मी फ्लॅश मारला," शेषेराव म्हणाले. "सवयच ना, लग्नातली. हसा म्हणलेलं ऐकून मागचा एक जण आधीच वळला होता, फ्लॅश झाला अन् बाकीचे दोघंबी वळले. त्यास्नी वाटलं, त्यांचाच काढला. हा धावत आला. माझी गचांडी धरली अन् विचारलं, हे काढायला कुणी सांगितलं?"

हा म्हणजे कोण, हे त्यांनी बोट करून दाखवलं नाही. गरजच नव्हती. आणि आता त्याला अहोजाहो तरी कशाला करायचं. व्यंकटराव दारात उभा होता.

"मी म्हणलं, गुरुजींनी. खरंच होतं की ते. गुरुजींनीच सांगितलं होतं. पण कशासाठी, ते न्हाई सांगितलं मी. बाळंतिणीसाठी हाय, एवढं बोललो असतो तर... न्हाई बोललो. माझी मान सुटली. मी कॅमेरा घेऊन पळालो. मागं आवाज आला, मी वळून न्हाई पाहिलं. संध्याकाळी सामुदायिक चितेवर गुरुजी होते. डोकं फुटलेलं होतं. तिथं सगळ्यांचीच फुटलेली होती."

मग त्यांनी रोल धुतला, गुरुजींच्या अंगावरची माती ब्रशानं घालवली, मागचं सगळं निळ्या रंगानं झाकलं आणि दिलेल्या पत्त्यावर फोटो पाठवून दिला. चिठ्ठी लिहायला बसले होते, काय लिहावं सुचलं नाही. महिन्याभरात व्यंकटरावनं त्यांना ही जागा दिली आणि स्वतः येऊन दारात बसायला लागला.

 कॅमेऱ्याचा लाल ठिपका चालू होता. बाहेर बसस्टँडवर कंडक्टर उदगीर, उदगीर म्हणून ओरडत होता, इतक्या जवळ माणसं होती.

मग शटर खाली आलं. ड्रायव्हरनं बाहेरून ओढलं असणार, कारण व्यंकटराव आतच होता. खडखडाट थांबला आणि त्या बंद खोलीत एका दिव्याचा उजेड तेवढा राहिला. व्यंकटराव सावकाश पुढं आला. त्यानं तिपाईवरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, मांडीवरच्या लॅपटॉपकडं पाहिलं आणि मग लुंबिनीच्या अगदी समोर येऊन थांबला. इतक्या जवळ की त्याच्या अंगाला येणारा अत्तराचा वास तिला आला. ती तिपाईला चिकटून उभी राहिली. 

"हे काढायला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. तिलाच विचारलं, पण उत्तर शेषेरावांकडून यायचं हे त्याला सवयीनं माहीत होतं.

शेषेरावांनी लॅपटॉप बाजूला ठेवला. गुडघ्यांवर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. उठून ते त्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले, दिव्याचा उजेड अडवून, आणि लुंबिनीच्या अंगावर त्यांची सावली पडली.

"मी," ते म्हणाले. "मीच बोलावलं तिला. डबाबी मीच दिला. तिला काय ठावं न्हाई."

व्यंकटराव क्षणभर तिच्याकडंच बघत राहिला. मग त्याची नजर हलली आणि शेषेरावांवर जाऊन थांबली.